अशोकाष्टमीची पुष्पयात्रा

चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून नवमीपर्यंतच्या नऊ दिवसांत आपल्या धर्माने फुलाला जेवढा मान दिला आहे, तेवढा वर्षातील अन्य पर्वांत क्वचितच दिला असेल. नव्या संवत्सराचा पहिला घास आपण घेतो तो कडुनिंबाच्या फुलोऱ्याचा. गूळ, मिरी, हिंग व ओवा यांच्यासह तो देवाला दाखवावा आणि मग आपण भक्षण करावा, असा पाडव्याचा आचार आहे. तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते आणि तिच्यापुढे मोगऱ्याची आरास मांडली जाते. सुगंधी दवणा याच मासात निरनिराळ्या तिथींना निरनिराळ्या देवतांना वाहिला जातो. नवमीस मध्यान्ही रामजन्माच्या पाळण्यावर पुष्पवृष्टी होते. या मालिकेतील एक तिथी मात्र लोकांच्या स्मरणातून जवळजवळ निघून गेली आहे. ती म्हणजे चैत्र शुद्ध अष्टमी, अर्थात अशोकाष्टमी.

या दिवशी अशोकाच्या आठ कळ्या पाण्यासह प्राशन कराव्या आणि 'मला शोकरहित कर' अशी त्या वृक्षाला प्रार्थना करावी, असा विधी आहे. अष्टमीला पुनर्वसू नक्षत्र असेल तर त्याचे विशेष महत्त्व सांगितले आहे. काशीच्या कमलाकरभट्टांनी १६१२ साली पूर्ण केलेल्या 'निर्णयसिंधू'त हा विधी आहे आणि आमच्या पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० च्या सुमारास रचलेल्या 'धर्मसिंधू'तही तो आहे. विधी अगदी साधा आहे. द्रव्य लागत नाही, दक्षिणा लागत नाही, मंडप लागत नाही. लागतो तो फक्त फुलावर आलेला एक अशोक. आणि आज मोठ्या नगरात नेमकी तीच गोष्ट दुर्मिळ झाली आहे. गेल्या चैत्रात मुंबईच्या ठाकूरद्वारला आम्हा चार मित्रांना हा अनुभव आला. त्याचे निमित्त मात्र दूरच्या जपान देशातून आले होते, म्हणून प्रथम तिकडची हकीकत सांगतो.

क्योतोच्या मंदिरांत

रामनवमीच्या नवरात्रात कीर्तनासाठी मी अनेक वर्षे गिरगावात जातो. ठाकूरद्वारला माझे तीन जुने स्नेही आहेत. एक निवृत्त शाळामास्तर, दुसरे महापालिकेच्या उद्यानखात्यात आयुष्य काढलेले आणि तिसरे बँकेतून निवृत्त झालेले. या तिसऱ्या स्नेह्यांची कन्या नोकरीनिमित्त जपानात असते. गेल्या चैत्राच्या आदल्या वर्षी एप्रिलमध्ये ते सपत्नीक तिच्याकडे गेले होते. तेथील काही मराठी मंडळींबरोबर क्योतो नगरातील मंदिरांत साकुरा, म्हणजे चेरीची फुले, पाहण्यासाठी त्यांनी एक दिवसाची सहल केली.

सकाळी ते कियोमिझु मंदिराच्या टेकडीवर गेले. तेथील देवता कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर. मंदिराचा लाकडी सज्जा दरीवर पुढे आलेला आहे आणि त्याखालची सारी दरी फिकट गुलाबी ढगांनी भरून गेल्यासारखी दिसत होती. दुपारी ते दाइगो मंदिरात गेले. हे मंदिर इ. स. ८७४ मध्ये स्थापन झाले. १५९८ च्या वसंतात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने येथे सुमारे सातशे चेरीवृक्ष लावून घेतले आणि तेराशेच्या आसपास पाहुण्यांना बोलावून पुष्पदर्शनाचा थाटाचा सोहळा केला. त्याच वर्षी शरदाच्या तोंडाशी तो मरण पावला. सत्ता गेली, वैभव गेले, पण मंदिराच्या आवारात दर वसंताला फुलांचा बहर येतच राहिला. सायंकाळी ते निन्नाजी मंदिरात गेले. तेथील चेरी ठेंगणी असून बाकीच्यांपेक्षा उशिरा फुलते. त्यामुळे तेथे कळ्याच अधिक होत्या.

या पुष्पदर्शनाला जपानी भाषेत 'हानामी' म्हणतात. सम्राट सागा याने इ. स. ८१२ मध्ये क्योतोच्या शिन्सेन उद्यानात असा सोहळा केल्याची नोंद आहे. तेव्हापासूनच्या रोजनिशा व काव्ये यांतून चेरी कोणत्या वर्षी केव्हा पूर्ण फुलली याच्या तारखा तेथील संशोधकांनी जुळवून ठेवल्या आहेत. बाराशे वर्षांचा फुलाचा असा जमाखर्च जगात अन्यत्र क्वचितच सापडेल. २०२१ साली क्योतोची चेरी २६ मार्च रोजीच पूर्ण बहरली. तोपर्यंतच्या नोंदींत इतका लवकर आलेला बहर नव्हता. हवामान तापत चालल्याची साक्ष फुलेच देऊ लागली आहेत. आजही तेथील वेधशाळा प्रत्येक नगरात एक ठरावीक वृक्ष पाहते आणि त्यावर पाच-सहा फुले उमलली की त्या नगरात चेरी फुलल्याचे जाहीर करते. हा बहर आठवडा-दहा दिवसच टिकतो. म्हणून माणसे कामे बाजूला ठेवून झाडाखाली चटया अंथरतात, बरोबर आणलेला फराळ करतात, आणि पाकळ्या अंगावर पडू देतात.

आमच्या स्नेह्यांनी या सहलीतील एक लहानशी गोष्ट सांगितली. दाइगोच्या आवारात एका झुकलेल्या फांदीखाली उभ्या राहून त्यांच्या पत्नीने कन्येला विचारले, "यातले एक फूल देवाला वाहायला घेतले तर चालेल का गं?" कन्या म्हणाली, "आई, इथे झाडावरचे फूल कुणी तोडत नाही." तेव्हा त्या माउलीने तिथेच हात जोडले आणि म्हणाली, "मग झाडावरच वाहिले म्हणायचे."

त्याच वर्षी मार्गशीर्षात ती देवाघरी गेली. चैत्रात मी ठाकूरद्वारला पोचलो तेव्हा स्नेही मला म्हणाले, "बुवा, ही दर अशोकाष्टमीला आठ कळ्यांचे पाणी घ्यायची. तिच्या माहेरी, कोकणात, परड्यात अशोक होता. तिथून कुणी ना कुणी कळ्या पाठवायचे. यंदा ते कोण करणार? पण निदान झाड तरी पाहून येऊ." अशोकाष्टमी तीन दिवसांवर आली होती. त्या दिवशी सकाळी निघावे, मंदिरे पाहावी, वाटेतली फुले पाहावी, अशोक शोधावा आणि रात्रीच्या कीर्तनाला परतावे, असे ठरले.

आपली दैवसिकी यात्रा

'फुले पाहायला कोण जाते? हे जपान्यांचे कौतुक,' असे कोणी म्हणेल. परंतु वात्स्यायनाने नागरकाच्या सामुदायिक विनोदांत 'उद्यानगमन' सांगितले आहे. मित्रांनी सकाळीच अलंकृत होऊन निघावे, दिवस उद्यानात घालवावा आणि दुपार कलल्यावर त्या उद्यानाची खूण म्हणून फुले-पल्लव धारण करून परतावे. या एका दिवसाच्या फेरीला तो 'दैवसिकी यात्रा' म्हणतो. श्रीहर्षाच्या 'रत्नावली'चा आरंभच वसंतोत्सवाने होतो. 'मालविकाग्निमित्रा'त न फुलणारा अशोक फुलवण्यासाठी सारे राजोद्यान खटपट करते. चेरीसुद्धा आपल्याला सर्वस्वी परकी नाही. हिमालयातील रानचेरीला संस्कृतात 'पद्मक' म्हणतात आणि तिचे लाकूड पद्मकाष्ठ या नावाने आयुर्वेदाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ती शरदाच्या अखेरीस फुलते, एवढाच भेद.

आणि फूल न तोडण्याची गोष्ट? कालिदासाची शकुंतला सासरी निघते तेव्हा कण्वमुनी तपोवनातील वृक्षांना तिची ओळख करून देतात. तिला अलंकारांची आवड असूनही प्रेमापोटी तिने वृक्षांचा पल्लव कधी तोडला नाही, आणि वृक्षाला पहिल्यांदा फूल आले की तो तिचा उत्सवाचा दिवस असे. हानामीचे सारे तत्त्व यात आले. कोकणातील देवराईत आपले पूर्वज वाळलेली काटकीही उचलीत नसत, ते याच भावनेने.

वाड्यांची नावे आणि झाडे

अष्टमीच्या दिवशी सकाळी झावबांच्या रामाचे दर्शन घेऊन आम्ही निघालो. ठाकूरद्वार म्हणजे ठाकुराचे, देवाचे दार. या दारातून बाहेर पडले की जणू बागेतूनच चालल्यासारखी नावे लागतात. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, बोरभाट. थोडे पुढे गेले की भेंडीबाजार, चिंचबंदर, उमरखाडी, ताडदेव. मुंबई कधीकाळी वाड्या आणि परसबागांचे बेट होते, याचा हा पुरावा जिभेवर राहिला आहे. जमिनीवर मात्र बहुतेक ठिकाणी नावाचे झाड उरलेले नाही. फणसवाडीत द्राविडी गोपुराच्या व्यंकटेशमंदिरात दर्शन घेतले. बाहेर एक कोकणी बाई टोपलीत सुरंगीचे वळेसर घेऊन बसली होती. त्या गंधाने आमचे बँकवाले स्नेही क्षणभर थबकले, एक वळेसर विकत घेतला आणि काही न बोलता पिशवीत ठेवला.

वाटेत मास्तरांनी एका नव्या इमारतीच्या कुंपणाशी सरळ उभ्या असलेल्या झाडांची रांग दाखवून विचारले, "हे काय अशोकच नव्हेत?" उद्यानखात्यातले मित्र हसले. "मास्तर, हा खोटा अशोक. पाने लांब, कडा नागमोडी, झाड खांबासारखे, फूल हिरवट आणि लक्षातही न येणारे. खऱ्या अशोकाला सीताअशोक म्हणतात. त्याचे पान संयुक्त, कोवळी पालवी तांबूस आणि खाली लोंबणारी. फुलांचे गुच्छ जुन्या फांद्यांवर, अगदी खोडालगतही येतात. उमलताना केशरी-पिवळे, मग लाल." सोसायट्यांच्या दारोदारी अशोक म्हणून हा खोटाच लावला गेला, आणि खरा अशोक रानात सालीसाठी सोलला गेला. अशोकारिष्टासाठी त्याच्या सालीला सतत मागणी असते. निसर्गसंवर्धनाच्या जागतिक सूचीत या वृक्षाची गणना आज संकटग्रस्तांत होते. शोक हरण करणाऱ्या वृक्षावरच शोकाची पाळी यावी, हा कालमहिमा!

वाळकेश्वरला बाणगंगेच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसलो. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही कुंडाचे पाणी गोडे आहे. येताना मलबार टेकडीच्या वाटेवर करंजाचा बहर गळत होता. पांढऱ्या-जांभळट बारीक फुलांची चादर लाह्यांसारखी रस्त्यावर पसरली होती. आमचे स्नेही म्हणाले, "क्योतोला अशाच पाकळ्यांतून चाललो होतो. तिथे लोक पाऊल जपून टाकत होते." आम्हीही मग जपूनच चाललो. बाबुलनाथाच्या पायऱ्या उतरताना मास्तरांनी आठवण दिली की या देवाचे नावही बाभळीवरून पडले, असे लोक सांगतात.

आठ कळ्या

दुपारी आम्ही भायखळ्याच्या राणीबागेत पोचलो. हे उद्यान १८६२ साली लोकांसाठी खुले झाले. आज त्याचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. मुले-माणसे पेंग्विन पाहण्यासाठी रांगा लावतात, पण या बागेचे खरे धन तिचे वृक्ष आहेत. येथे गोरखचिंच आहे, कैलासपती आहे, ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी आहे, आणि सीताअशोकही आहे. उद्यानखात्यातल्या मित्रांनी आम्हाला सरळ त्याच्यापाशी नेले.

झाड मोठे नव्हते, पण पूर्ण भरात होते. दाट हिरव्या पानांच्या आत, सावलीत, केशरी गुच्छ जणू दिवे लावल्यासारखे दिसत होते. अशोकाच्या फुलाला खऱ्या पाकळ्या नसतात. रंगीत संदले आणि बाहेर डोकावणारे लांब पुंकेसर हीच त्याची शोभा. आमचे स्नेही त्या झाडापुढे बराच वेळ उभे राहिले. बागेतील फूल तोडावयाचे नाही, हा नियम त्यांना ठाऊक होता. त्यांनी मला विचारले, "बुवा, कळ्या न घेता हा विधी होतो का?"

मी म्हणालो, "शास्त्राने प्राशन सांगितले आहे, ते ज्याच्या परड्यात अशोक आहे त्याच्यासाठी. जेथे झाड एकच आणि माणसे हजार, तेथे प्रत्येकाने आठ कळ्या घेतल्या तर पुढच्या वर्षी कोणालाच काही उरणार नाही. विधीचा प्राण प्रार्थनेत आहे. द्रव्य न मिळाल्यास मानसपूजा करावी, हे तर आपण रोज म्हणतो."

त्यांनी एका गुच्छाकडे बोट करून मोठ्याने आठ कळ्या मोजल्या. बरोबर आणलेल्या तांब्यातील पाण्याचा एक घोट घेतला आणि उरलेले पाणी अशोकाच्या मुळाशी घातले. मग म्हणाले, "झाडावरच वाहिले." आम्ही तिघेही काही बोललो नाही. खाली गळून पडलेले एक फूल त्यांनी उचलून सुरंगीच्या वळेसराशेजारी पिशवीत ठेवले. उद्यानाची खूण घेऊन परतावे, असे वात्स्यायन सांगतो. ती खूण पुढे घरी, एका तसबिरीपुढे ठेवली गेली.

सायंकाळी आम्ही वरळीला जपानी बुद्धमंदिरात गेलो. निप्पोनझान म्योहोजी पंथाचे संस्थापक भिक्षू निचिदात्सू फुजी १९३१ मध्ये हिंदुस्थानात आले. १९३३ मध्ये वर्ध्याला त्यांची आणि महात्माजींची भेट झाली. राजगीरचा शांतिस्तूपही त्यांच्याच प्रेरणेतून उभा राहिला. त्याचे उद्घाटन १९६९ साली झाले. मंदिरात पंख्याच्या आकाराच्या ढोलकीवर ताल धरून नामघोष चालू होता. तो नामघोष म्हणजे 'सद्धर्मपुण्डरीक' या ग्रंथाच्या नावाला केलेले वंदन. पुंडरीक म्हणजे श्वेतकमल. पंढरीच्या माणसाला हा शब्द परका कसा वाटावा? ग्रंथाचे नाव फुलावरून, आणि साधना नामाची. वारकऱ्याला आणखी काय हवे?

येथेच मला एक गोष्ट आठवली. जपानी मंदिरांत आठ एप्रिलला बुद्धजन्माचा पुष्पोत्सव होतो. फुलांनी मढवलेल्या लहानशा मंडपात बालबुद्धाची मूर्ती ठेवतात आणि तिला गोड चहाने स्नान घालतात. लुंबिनीत फुललेल्या वृक्षाखाली बुद्धाचा जन्म झाला. तो वृक्ष शाल होता असे पाली परंपरा म्हणते. चीन-जपानच्या परंपरेत मात्र तो अशोक मानतात. जपानीत त्याचे नाव 'मुयूजु', म्हणजे शोक नसलेला वृक्ष. आपल्याच शब्दाचे ते भाषांतर आहे. चेरीच्या देशाने अशोकाची आठवण नावात जपली, आणि अशोकाच्या देशात आम्ही एका झाडासाठी अर्धी मुंबई पालथी घातली!

शिंशपेची छाया

त्या रात्री कीर्तनात अशोकवनिकेचेच आख्यान लावले. लोकांची समजूत अशी की सीतामाई अशोकाखाली बसली होती. वाल्मीकींनी मात्र तिचा वृक्ष शिंशपा सांगितला आहे. तिच्या भोवती फुललेले अशोक होते, तरी तिचा शोक सरत नव्हता. तो सरला मारुतीरायाने रामकथा ऐकवली तेव्हा. पुढे त्याच मारुतीने क्रोधाने ती सारी वनिका उद्ध्वस्त केली. परंतु राक्षसिणींनी रावणाला जाऊन सांगितले की, ज्या वृक्षाखाली जानकी बसते तो एक वृक्ष त्याने राखला आहे. एवढ्या संतापातही ज्याने छाया दिली त्या वृक्षाला मारुतीने हात लावला नाही.

मंदिरांच्या विश्वस्तांनी आणि वाड्या-चाळींच्या पुनर्बांधणीत गुंतलेल्या मंडळींनी हा प्रसंग अवश्य ध्यानी घ्यावा. देवळाच्या पाराला संगमरवरी फरशी लावली की आपल्याला पुण्य केल्यासारखे वाटते. पण सिमेंट बुंध्यापर्यंत भिडले की मुळाला पाणी मिळत नाही आणि हवाही मिळत नाही, आणि पूजेत असलेला पिंपळ पूजेतच गुदमरतो. बुंध्याभोवती हातभर माती मोकळी ठेवावी. खोडाला खिळे ठोकू नयेत. फांद्यांना विजेच्या माळांनी आवळू नये. महाराष्ट्रात झाडांच्या रक्षणासाठी १९७५ चा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडाला वारसावृक्षाचा मान मिळाला आहे. पण कायदा येण्याआधी भक्ताची नजर त्या झाडावर पडली पाहिजे. ज्या झाडाकडे दरवर्षी एकदा कोणी मुद्दाम पाहायला येते, ते झाड सहजासहजी तुटत नाही. जपानी माणसाने बाराशे वर्षे चेरी राखली ती अशा पाहण्याने.

ज्या मंदिराच्या आवारात चार हात जमीन आहे, त्यांनी पावसाच्या आरंभी एक सीताअशोक लावावा. हा आपल्या सह्याद्रीचाच वृक्ष आहे. त्याला सावली मानवते, ताजे बी रुजते, मात्र वाढ सावकाश होते. लावणाऱ्याला कदाचित पहिला बहर दिसणारही नाही. त्या झाडाच्या आठ कळ्या कोणा दुसऱ्याचा शोक हलका करतील. वाचकहो, यंदाच्या अशोकाष्टमीस आपल्या गावी, आपल्या वाडीत, एखादे फुललेले झाड मित्रांसह पाहून या. फूल झाडावरच देवाला वाहा आणि तांब्याभर पाणी त्याच्या मुळाशी घाला. दुसऱ्या दिवशी मध्यान्ही रामजन्माचा गुलाल उधळाल, तेव्हा ते झाडही मनात उभे असेल.